थर्मोस्टॅट काढून टाकू नकोस
चोर्ला घाटात गाडी तापली की गॅरेजवाला हमखास म्हणतो, "थर्मोस्टॅटच काढून टाकू, कटकट नको." ऐकू नकोस बाबा. थर्मोस्टॅट म्हणजे झडप, आत मेण असतं. इंजिन गार असताना झडप बंद, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) इंजिनातच फिरतं. साधारण ८२ ते ९० अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते, कूलंट गार व्हायला रेडिएटरकडे जातं. काढलास तर बेळगावच्या पावसाळी गारठ्यात इंजिन वेळेवर तापणार नाही, पेट्रोल जास्त पिईल. शंका असेल तर पातेल्यात पाणी उकळत ठेव, दोऱ्याने आत सोड. उघडला तर ठीक, नाहीतर नवा घाल.

त्याआधी रेडिएटरची कॅप बघ. रबर कडक झालं की दाब राहत नाही. आपण बेळगावात, ७५० मीटर उंचीवर. इथं उघडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, दाबाखाली मात्र कूलंट शंभरावरही टिकतं. मग फॅन. घाटात हळू चढताना वारा कुठला लागतोय, सगळा भार त्याच्यावर. बोअरचं पाणी ओतू नकोस, क्षार साचतात. आणि तापलेल्या इंजिनाची कॅप उघडायची नाही, मागून कितीही हॉर्न वाजू देत.