क्रमवारी फलंदाजांची, विषाणूची नव्हे

प्रश्न असा: ‘फ्लूच्या विषाणूच्या एका जनुकखंडाची डीएनए क्रमवारी लावली’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही! क्रमवारी लागते फलंदाजांची. पहिला कोण, दहावा कोण. विषाणूतली अक्षरे, म्हणजे त्याच्या जनुकांचे रासायनिक घटक, आधीच रांगेत बसलेली असतात, आपण ती फक्त वाचतो. इंग्रजीत याला ‘सीक्वेन्सिंग’ म्हणतात. त्यासाठी परिभाषाकारांचे ‘क्रमनिर्धारण’ अर्थाने निर्दोष, पण ऐकताना घरपट्टीची नोटीस आल्यासारखे वाटते. सरळ ‘क्रमवाचन’ म्हणायला यांची जीभ का अडखळते?

‘क्रम’ मात्र सोडू नका. धातू क्रम्, म्हणजे पाऊल टाकणे. तीन पावलांचा तो त्रिविक्रम. पराक्रम, अतिक्रमण ही त्याच घरातली. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांची क्रम वाचण्याची १९७७ची पद्धतही पावलांचीच. डीएनएची नवी साखळी वाढताना वेगवेगळ्या अक्षरांवर अडवायची आणि अडलेल्या साखळ्या लांबीनुसार मांडून एकेका पावलावरचे अक्षर ओळखायचे. (इथे क्रमवारी लागते खरी, पण साखळ्यांची.)

याहून गंमत वेदपाठकांच्या क्रमपाठात आहे. ‘अग्निमीळे, ईळे पुरोहितम्, पुरोहितं यज्ञस्य’: जोडीतले दुसरे पद पुढच्या जोडीत पहिले. आता फ्लूचा चौथा खंड, हिमॅग्लुटिनिन या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा, घ्या. त्यात साधारण १,७०० ते १,८०० अक्षरे. सँगर पद्धतीने एका दमात वाचता येतात सातशे-नऊशे. मग एकमेकांवर चढणारे तुकडे वाचायचे आणि सामाईक भागावरून सांधायचे. हा क्रमपाठ नव्हे तर काय? ‘निव्वळ योगायोग’ म्हणणारे विद्वान आहेत. संज्ञा घडवणाऱ्याच्या कानात क्रमपाठ घुमत नव्हता, हे त्यांना कुणी सांगितले?

आणि याच धातूचे ‘संक्रमण’ वाहिन्यांनी हिंदीतून उचलून ‘संसर्गा’च्या जागी बसवले आहे. मराठीत मकरसंक्रमण सूर्याचे. फ्लूचा होतो तो संसर्ग.

हां, प्रश्नातला ‘डीएनए’ राहिला. फ्लूचा जनुकसंच आठ खंडांचा आणि तोही आरएनएचा. त्यात डीएनए नाहीच. प्रयोगशाळेत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराने, म्हणजे एन्झाइमने (टेमिन आणि बाल्टिमोर, १९७०, दोघांचा स्वतंत्र शोध) आधी आरएनएवरून डीएनए-प्रत बनवतात आणि ती वाचतात. म्हणून लिहा: ‘फ्लूच्या विषाणूच्या चौथ्या खंडाची डीएनए-प्रत करून तिचा क्रम वाचला.’