'डार्क साइड'च्या आधीचा थांबा

भावा, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बम पाठ झाला म्हणतोस, झकास! पण आता लगेच 'द वॉल'कडं पळू नको. एक पाऊल मागं ये, १९७२चा 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' लाव.

मी त्याला कित्येक वर्षं हातच लावला नव्हता. एका फ्रेंच सिनेमासाठी केलेलं संगीत, म्हणजे उरलंसुरलं असणार, हा माझा शहाणपणा! 'डार्क साइड'चं काम चालू असतानाच मधे फ्रान्सला जाऊन त्यांनी तो उरकला, हे खरं. पण त्या घाईतच त्याची मजा आहे. बहुतेक गाणी छोटी, पसारा नाही.

रंकाळ्यावर भेळ खात ऐकू नको, गर्दीत काही कळत नाही. रात्री हेडफोन लाव, शफल बंद कर. आधी 'बर्निंग ब्रिजेस' ऐक, मग 'मडमेन'. तीच धून परत येते, पण शब्दांशिवाय, वेगळ्या चालीत. मला हे कळायला लई वर्षं लागली. 'चाइल्डहूड्स एंड'मधे तर 'डार्क साइड'मधल्या 'टाइम' गाण्याची चाहूल लागते.

आणि 'फ्री फोर'. चाल एकदम टाळ्या वाजवायची, शब्द मात्र मरणाचे. ते लिहिणारा, बँडचा बेस गिटारवाला रॉजर वॉटर्स, त्याचे वडील १९४४मधे इटलीत लढाईत गेले. तो सल पुढं 'द वॉल'मधे मोठा झाला, इथं नुसता डोकावतो.

पहिल्या दोन वाद्यसंगीताच्या तुकड्यांवर कंटाळून बंद करू नको. मी तिथंच फसलो होतो.