फोटो सांगलीत, लेक जर्मनीत

प्रश्न : निवृत्तीनंतर जुन्या लॅपटॉपवर ‘इमिच’ (घरच्या घरी फोटो साठवून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून घरातले सगळे फोटो स्कॅन करून चढवले. घरात झकास चालतं. मुलगा पुण्यात, मुलगी जर्मनीत. त्यांच्यासाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून येणाऱ्याला लॅपटॉपकडे वळवलं), पण बाहेरून काही उघडत नाही. राउटर स्वतःचा पत्ता १००.७२ने सुरू होणारा दाखवतो, बाहेर मात्र भलताच दिसतो. भाचा म्हणतो, स्वतःचं टनेल टाका. ते सुरक्षित असतं का? फोटो परक्या सर्व्हरवरून जाणार ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : तो आकडा कळवलात, माझे दोन फोन वाचले. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापराचे. वाडा एक, बिऱ्हाडं शेकडो, आणि बाहेरच्या जगाला माहीत फक्त वाड्याचा पत्ता! तुम्ही आपल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलंत, पण दिंडी दरवाजा कंपनीच्या ताब्यात. पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, उपयोग नाही.

आतून बाहेर जायला मात्र कुणी अडवत नाही. टनेल त्याचाच फायदा घेतं. सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि घरच्या लॅपटॉपने त्याच्याशी ‘वायरगार्ड’ने (कुलूपबंद टनेल बांधणारं सॉफ्टवेअर) जोडून राहायचं. लॅपटॉपच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ ठेवा, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक हाक जाते. नाहीतर रात्री सगळं निजतं, कंपनीचा राउटर तुमची वाट विसरतो आणि सकाळी मुलीचा फोन येतो, ‘बाबा, बंद आहे.’

आता खरा प्रश्न : पाहणार कोण? फक्त मुलगा-मुलगी असतील तर त्यांच्या फोनवरही वायरगार्ड टाका आणि विषय संपवा. किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. आत्याला, विहीणबाईंना साधी लिंक पाठवायची असेल तरच सर्व्हरवर ४४३ पोर्ट, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचं दार, जगाला उघडा. आणि तसं केलंत तर साइटचं नवं नाव कुणाला कळणार नाही अशा भ्रमात राहू नका. सुरक्षित जोडणीचं (https) प्रमाणपत्र निघालं की ते नाव सार्वजनिक नोंदीत चढतं, लगेच दार वाजायला लागतं.

परक्या सर्व्हरची तुमची शंका रास्त आहे. सरळसोट मांडणीत वायरगार्डची पाकिटं भाड्याच्या सर्व्हरवर उघडतात आणि पुन्हा बंद होऊन पुढे जातात. म्हणून ‘कॅडी’ (ते प्रमाणपत्र सांभाळून आलेल्याला इमिचकडे नेणारं सॉफ्टवेअर) तिथे नव्हे, घरच्या लॅपटॉपवर चालवा. सर्व्हरने ४४३वर आलेलं न उघडता पुढे ढकलायचं, एवढंच. कुलूप तुमच्या घरात उघडेल. पोर्ट उघडायचंच नसेल तर डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, नोंद टाकूनही प्रमाणपत्र मिळतं, खटपट थोडी जास्त.

दुसरं, लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये (आत काय येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) टनेलकडून फक्त ४४३ येऊ द्या. उद्या तो सर्व्हर कुणी फोडला, तर चोर टनेलमधून थेट तुमच्या लॅपटॉपच्या एसएसएचपर्यंत (दुरून लॅपटॉप चालवण्याच्या दारापर्यंत) पोचायला नको. हे बहुतेक जण विसरतात.

मीही शहाणा नव्हतो. सर्व्हरवर ‘यूएफडब्ल्यू’ ही फायरवॉल लावून दोनच पोर्ट उघडी ठेवली होती, निर्धास्त होतो. एकदा एसटीत बसल्या बसल्या मोबाइल डेटावरून सहज ८०८० उघडून पाहिलं, तर माझं व्यवस्थापनाचं पान समोर, पासवर्डही न विचारता! डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर; ते पान त्यातच होतं) स्वतःचे नियम आधी घालतो, यूएफडब्ल्यूला विचारत बसत नाही. घरी पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून सर्व्हरवरच्या डॉकरचं प्रत्येक पोर्ट १२७.०.०.१ला, म्हणजे त्याच यंत्रापुरतं, बांधतो. तुम्ही लॅपटॉपवर इमिचचं २२८३ पोर्टही तसंच बांधा. त्याच्याशी बोलायचं काम फक्त कॅडीचं.

झालं की फोनवरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. वायफायवर उघडलं, याला काही अर्थ नाही. आणि स्कॅन केलेल्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढलीये ना? पुढच्या पत्रात तेही कळवा.