चंद्रसुद्धा अंगावर पडतो

मागच्या अंकात मी जाता जाता 'आय वॉना बी द गाय' (I Wanna Be the Guy) या संगणकावरच्या खेळाचं नाव घेतलं, आणि त्यानंतर आलेल्या पत्रांत फोनच्या बॅटऱ्या नि वायफाय राऊटर कुठल्या कुठे पळाले. म्हणून या वेळी फक्त जुन्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी बनवलेले, उड्या मारायचे, छळवादी खेळ. फोनवाल्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचं वाचून गेम उतरवला. झाडाखालून गेलो तर सफरचंद डोक्यात पडून मेलो. शहाणपणा करून फळाच्या वरून उडी मारली, तर ते वर पडलं! दोन दिवसांत खिडकीच्या पट्टीवर ३१२ मरणं दिसतायत. ही सरळ फसवणूक नाही का? — इचलकरंजी

उत्तर : फसवणूक आहेच. बेइमानी मात्र नाही. सापशिडी आठव. ९८ वरचा साप छापलेला असतो, सगळ्यांना दिसतो, तरी तुझ्या हातात काही नसतं, कारण फासा त्याला हवा तसा पडतो. इथे साप दिसत नाही, पण एकदा चावला की त्याचं घर कायमचं कळतं, आणि फासा तुझ्या बोटांत असतो. वर पडणारं ते फळ ३१३व्या वेळीही वरच पडेल. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचाही तूच नि मागचाही तूच. (आणि बनवणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ती सफरचंदं नाहीतच, मोठाल्या चेऱ्या आहेत. मरताना हा तपशील उपयोगी पडत नाही.)

मी हा खेळ २००८ साली सांगलीला हॉस्टेलवर खेळले. चौघींत एक संगणक, गेम कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेला. एका पडद्यावर मागे छान चंद्र आहे. मी मैत्रिणींना म्हटलं, बघा, निदान चित्रं तरी चांगली काढलीत. तेवढ्यात चंद्र खाली आला आणि माझ्या अंगावर पडला. पुढे एकदा मधेच विंडोजची 'एरर'ची चौकट आली. आमच्या संगणकात व्हायरस इतके होते की मला काहीच नवल वाटलं नाही. मी सवयीने माऊस घेऊन 'ओके' दाबायला निघाले, आणि ती चौकटच धप्पकन खाली आली. चौकट खेळातली होती! खोलीत हसून हसून दोघी पलंगावरून खाली. मी मात्र चिडले नाही, आणि का नाही ते बऱ्याच वर्षांनी कळलं. तो सापळा माझ्या बोटांसाठी नव्हता, माझ्या सवयीसाठी होता. कुणीतरी सातासमुद्रापलीकडे बसून, ही बाई आता माऊसकडे हात नेणार, हे आधीच ओळखलं होतं.

तुझ्यासाठी एक काम. कागदावर दोन रकाने आख. एकाला नाव दे 'माहीत नव्हतं', दुसऱ्याला 'माहीत होतं तरी'. प्रत्येक मरणाला एक रेघ. मी हे केलं होतं, आणि पहिल्या रकान्यात रात्रभरात जेमतेम पंचवीस रेघा झाल्या. दुसरा रकाना कागदाच्या पाठीवर गेला. तुझ्या ३१२ पैकी तीसेक मरणांबद्दल खेळाला शिव्या दे. बाकीची तुझ्या खात्यावर.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. संध्याकाळी असले गेम लावतो आणि ऐन दिवेलागणीला "मेलो! परत मेलो!" असं ओरडतो. सासूबाई देवापुढे बसलेल्या असतात, त्यांना ते अगदी लागतं. शिवाय मधेच पडद्यावर कसलीशी चौकट येते, मग तो कीबोर्डवर हात आपटतो. काय करावं? — एक आई, नाशिक

उत्तर : चौकटीचं आधी, कारण ते सोपं आहे. या खेळांत उडीचं बटण बहुधा शिफ्ट असतं. विंडोजमध्ये शिफ्ट ओळीने पाचदा दाबलं की 'स्टिकी कीज' चालू करायचं का, असं संगणक विचारतो. ती सोय ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी आहे, पण उड्या मारणाऱ्या पोराचा जीव तिने जातो. सेटिंग्जमध्ये जाऊन शिफ्टचा तो शॉर्टकट बंद करा. निम्मा आपटाआपटीचा प्रश्न तिथेच मिटेल.

आता "मेलो". सासूबाईंचं मला पटतं. आमच्या खोलीतही एकीची आजी वारलेली असताना आम्ही "मेले"चं "गेले" केलं, आणि ते कायम राहिलं. "बाद" म्हणू द्या, "आऊट" म्हणू द्या. पोरं अशा बदलाला लगेच तयार होतात, फक्त "खेळूच नकोस" असं न म्हणता सांगावं लागतं. आणि उठवायचं असेल तर घड्याळ लावू नका. पुढचा सेव्ह, म्हणजे मेल्यावर जिथून परत सुरू होतं ती जागा, लागला की ऊठ, असं ठरवा. मात्र बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या बलाढ्य शत्रूच्या, आधीचा सेव्ह असेल तर त्याआधीच हाक मारा. बॉसपुढे बसलेला माणूस जेवायला येत नाही, हे मी आईची बोलणी खाऊन शिकले आहे.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. नातवाच्या मागे उभा राहून पाहतो. खेळणाऱ्याला छळण्यासाठीच खेळ बनवणाऱ्याला मिळतं काय? आणि हे वेड आलं कुठून? — कराड

उत्तर : सर, पैसे बहुतेकांना मिळत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांची पात्रं, चित्रं, संगीत उचललेलं असतं, ते विकणार कसं? म्हणून फुकट वाटतात. मिळते ती गंमत. 'कैझो मारिओ' म्हणून जे प्रसिद्ध आहे त्याचं मूळ जपानी नाव साधारण असं आहे : 'मी स्वतः फेरफार केलेला मारिओ मित्राला खेळायला लावतो'. नावातच सगळं आलं. कैझो म्हणजे फेरफार. १९९० सालच्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'ची मोडतोड करून एकाने मित्रासाठी हा खेळ केला, आणि मित्राची फजिती २००७ पासून जपानभर लोकांनी व्हिडिओत पाहिली. त्यातली सगळ्यांत बदनाम खोडी म्हणजे न दिसणारा ठोकळा. खड्ड्यावरून उडी मारावी, हवेत काहीतरी डोक्याला टक्कन लागावं आणि आपण थेट खड्ड्यात.

'आय वॉना बी द गाय' त्याच वर्षीचा. मायकेल ओरायली, टोपणनाव कायिन, या अमेरिकन तरुणाने तो केला. त्याच्यापुढे नमुना होता एका अर्धवट राहिलेल्या जपानी फ्लॅश (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या) खेळाचा, ज्याचा नायक अक्षरं नि चिन्हं जुळवून केलेला, हात वर करून 'संपलं माझं' म्हणणारा माणूस होता. पण छळाचा मान नुसता चाहत्यांना देऊ नका. मारिओची मूळ कंपनी, खुद्द निन्टेंडोने १९८६ साली जपानात काढलेल्या दुसऱ्या मारिओत विषारी अळंबी होती, आणि पुढच्या जगात नेणारा गुप्त पाईप समजून शिरावं तर तिसऱ्या जगातून पहिल्यात नेऊन टाकणारा पाईपही होता. आपल्याकडे वर्गात शिक्षकाने "सोपं गणित आहे" म्हणून फळ्यावर लिहावं, तसला प्रकार. तुम्हीही कधी लिहिलं असेलच.

प्रश्न : मी मडगावची. सापळे जमतात, बॉस जमत नाही. सध्या जो अडलाय त्याच्यावर गोळी चालतच नाही, गाणं संपेपर्यंत नुसतं चुकवत राहायचं. शेवटची वीसेक सेकंदं उरली की हात कापायला लागतो. तीन आठवडे झाले.

उत्तर : तुझं पत्र सगळ्यांत आवडलं, म्हणून उत्तर लांबणार.

जुन्या बॉसमध्ये निम्मी मजा ओळख पटण्याची होती. 'गाय'मध्ये जुन्या खेळांतले दोघे, मेट्रॉइडचा क्रेड आणि स्ट्रीट फायटरचा झांगीफ, यांची मोट बांधून क्रेडगीफ केलाय, माइक टायसन आहे, आणि ड्रॅक्युला. हा आपलं नाटकी भाषण करत असतो, आपण हात आवरून ऐकत असतो, आणि तो बोलता बोलता हातातला दारूचा प्याला फेकून मारतो. भाषण चालू असताना मेलेली मी! २०१० सालच्या 'आय वॉना बी द बॉशी'त तर हॅलो किटी बॉस आहे. शाळेतल्या कंपासपेटीवरची ती गोड मांजर, तीच.

तुझा मात्र दुसऱ्या जातीचा. याला हे लोक 'अव्हॉयडन्स' म्हणतात. त्यात आधी हल्ल्यांची जात ओळखायची. काही हल्ले ठरलेले असतात : गाण्याच्या त्याच ठोक्याला, त्याच जागी. ते पाठांतर. काही नेम धरून येतात : बॉसकडून फळ (इथे बहुधा तेच हत्यार) सुटलं त्या क्षणी तू जिथे होतीस तिकडे. अशा वेळी पळायचं नाही, हीच सगळ्यांची चूक होते. पळालीस की दोन सेकंदांत भिंत लागते आणि जागा संपते. एका कडेला उभी राहा आणि बोटाने हलकं टिचकी मारल्यासारखं एक-एक पाऊल सरक. फळं तुझ्या मागे मागे पडत जातील. तिसरी जात दैवाधीन, कुठूनही कुठेही. तिथे पडद्याच्या कोपऱ्यात दडू नकोस, खाली मध्याच्या आसपास राहा, म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या.

बॉसकडे बघू नकोस. स्वतःच्या किडकडे, म्हणजे आपण खेळवतो त्या नायकाकडे, आणि त्याच्याभोवतीच्या वीतभर जागेकडे बघ. बहुतेक नवे खेळ गेममेकर या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरच्या ज्या ठरीव साच्यावर बनतात, त्यात एक ठोकळा ३२ पिक्सेलचा (पडद्यावरच्या बारीक ठिपक्यांचा) आणि किडचा खरा, मार लागणारा देह अवघा ११ पिक्सेल रुंद. म्हणजे चित्र दिसतं त्याहून आपण बारीक असतो. हे एकदा मनाला पटलं की दोन फळांमधली ती फट एकदम दार वाटू लागते. मला हे पटायला दोन वर्षं लागली.

शेवटची वीस सेकंदं : तिथे पोचतेस तीन आठवड्यांत किती वेळा? पाच-सहा? मग त्या भागाचा तुझा सराव दोन मिनिटांचासुद्धा नाही. हात कापतो तो भीतीने कमी, अनोळखीपणाने जास्त. पडदा रेकॉर्ड कर, आपलीच मरणं अर्ध्या वेगाने बघ, आणि भाजी निवडताना ते गाणं गुणगुण. ऐकून ऐकून कोणत्या ठोक्याला काय येतं ते अंगात भिनतं. माझी मुलगी एका बॉसच्या गाण्यावर झोपायची. तिचे बाबा तिला अजून तीच अंगाई म्हणून चिडवतात.

आणि बॉस कोसळल्यावर बटणं सोडू नकोस. कैझो मारिओत शेवटची रेषा ओलांडली, विजयाचं संगीत वाजलं, मारिओ आपोआप चालू लागला आणि चालता चालता मेला, अशी जागा आहे. तिच्यावरून या प्रकाराला नावच पडलं, कैझो ट्रॅप. मी एका बॉसनंतर दोन्ही हात वर करून ओरडले होते आणि वरून काटा आला. गड आला पण सिंह गेला.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. गेममेकरवर असाच गेम बनवतोय. पहिल्या पडद्यावर १४ सापळे टाकलेत. मित्र दोन मिनिटांत बंद करतात. काय चुकतंय? — लातूर

उत्तर : चौदा! अरे, तुझा पडदा नेहमीच्या ८०० बाय ६०८ चा असेल तर त्यात आडवे २५ आणि उभे १९ ठोकळे बसतात. किड सेकंदाला १५० पिक्सेल धावतो, म्हणजे रिकामा पडदा साडेपाच सेकंदांत पार. त्यात चौदा वेळा मारलंस तर विनोद कुठे राहिला? विनोदाला आधी शांतता लागते. दहा पावलं काहीच होऊ देऊ नकोस. खेळणारा जरा सैलावू दे, मग जमिनीतून काटा वर येऊ दे. आणि तो सुटकेसाठी जिकडे उडी मारेल तिकडे दुसरा ठेव. दोन पुरे.

सापळा प्रत्येक वेळी तसाच वागला पाहिजे. 'रँडम'चा, म्हणजे दर वेळी काहीतरी वेगळं करायचा, मोह सापळ्यात होतोच, तुझ्या कोडमध्येही कुठेतरी असणार, तो काढ. सेव्ह सापळ्यानंतर लगेच दे. अवघड जागेआधी दोन मिनिटांचं सोपं चालणं पुन्हा पुन्हा करायला लावणं हा छळ नव्हे, कंटाळा आहे, आणि मित्र कंटाळूनच बंद करतात. कीबोर्डवरचं 'आर' (R) दाबलं की क्षणात परत उभं राहता आलं पाहिजे. मरणाचं लांबलचक चित्र दाखवत बसू नकोस.

आणि खेळायला देताना मागे उभा राहा, तोंड बंद ठेवून. तो कुठे मरतो ते लिहू नकोस, कुठे हसतो ते लिही.

एक अजून. 'गाय'मध्ये सगळ्यांत सोप्या पातळीचं नाव 'मध्यम' आहे. ती निवडली की किडच्या केसांत मुलीसारखी रिबीन येते, आणि जास्तीच्या सेव्हवर जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ भित्री भागूबाई. बाकी सगळ्या खोड्या मी माफ केल्या, ही नाही. तुझ्या खेळात सोपी पातळी असेल तर तिला सरळ सोपी म्हण. मी 'गाय' पहिल्यांदा रिबीन लावूनच संपवला होता. फाईल तयार झाली की पाठव.