कुर्गानला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: अल्ताय पर्वतातल्या प्राचीन घोडेस्वार लोकांच्या कबरींवर दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय, पानोपानी 'कुर्गान' (म्हणजे याच ढिगाऱ्याखालच्या कबरी) येतंय, संपादक म्हणतात मराठी शब्द घाला, तर टेकाड, थडगं, समाधी, स्तूप यातलं काय चालेल? आणि हे लोक म्हणजे आपले शकच ना?

माझं मत आधीच सांगून टाकतो, कुर्गान तसंच राहू द्या. मराठीत शब्द नाहीत म्हणून नाही हो, उलट ढीगभर आहेत आणि तीच पंचाईत आहे, कारण त्यातला प्रत्येक शब्द आधीच कुठेतरी नोकरीला लागलेला आहे.

टेकाडच घ्या. आपल्याकडे पुरातत्त्वाच्या संदर्भात टेकाड म्हटलं की पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, जिथे खापरं सापडतात आणि जिथली पांढरी माती लोक पूर्वी धाब्यावर घालायला न्यायचे. नेवासं, इनामगाव ही सगळी राहत्या माणसांची टेकाडं. स्टेपवर, म्हणजे युरेशियातल्या त्या गवताळ मैदानांवर, नेमकं उलटं आहे, राहायची घरं गुरांमागे हलायची आणि जागेवर राहिली ती मेलेल्यांची घरं. तुम्ही 'टेकाड खणलं' लिहिलंत तर जाणकार वाचक तिथे चुली नि रांजण शोधत बसेल. शिवाय सगळी कुर्गानं टेकडीसारखी दिसतातही असं नाही, दक्षिण सायबेरियातल्या तुवामधलं आरझान-१ (इसवीसनापूर्वीचं नववं-आठवं शतक, खोदलं १९७१ ते ७४) हे शंभर मीटरच्या वर व्यासाचं आणि उंचीला जेमतेम तीन-चार मीटर, दगडाचा एक अवाढव्य चपटा ओटाच म्हणा ना. त्याच्या आत ओंडक्यांची चौकटच चौकट, आणि १६० च्या वर घोडे पुरलेले.

थडगं हा शब्द त्यामानाने बरा आहे पण तो एकट्या माणसाचा आणि फार छोटा, आणि पिराचं थडगं डोळ्यासमोर येतं ते वेगळंच. समाधी नकोच, ती संतांची, किंवा मग राजेरजवाड्यांची छत्री-समाधी, तिच्यापुढे लोक हात जोडतात. स्तूप दिसायला जवळचा वाटतो खरा, पण त्यात बुद्धाचे नाहीतर भिक्षूंचे अवशेष असतात, त्याला प्रदक्षिणा घालतात आणि आत खोली-बिली नसते. कुर्गानचा सगळा जीव आतल्या खोलीत आहे. कुणीतरी शिळावर्तुळही सुचवेल, ते विदर्भातल्या महापाषाणीय कबरींसाठी ठरून गेलंय, नागपूरजवळचं जुनापाणी, माहुरझरी वगैरे. माहुरझरीला पुरलेले घोडे आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे दागिनेही सापडलेत, त्यामुळे मोह होईल, पण घोडा दोन्हीकडे आहे म्हणून लगेच सोयरीक जुळवू नका.

आता कुर्गान म्हणजे नक्की काय ते एकदा आतून बघू, म्हणजे संपादकांना पटवायला सोपं जाईल. अल्तायमधल्या पाझिरिक खोऱ्यातली कुर्गानं सगळ्यात प्रसिद्ध, पहिलं मिखाईल ग्र्याझनोव यांनी १९२९ साली खोदलं आणि बाकीची मोठी सेर्गेई रुदेंको यांनी १९४७ ते ४९ मधे. आधी चारएक मीटर खोल चौकोनी खड्डा, त्यात लार्च झाडाच्या ओंडक्यांची दुहेरी भिंतींची खोली, त्या खोलीत पोखरलेल्या ओंडक्याच्या पेटीत माणूस, खोलीच्या बाहेर खड्ड्याच्या उत्तर बाजूला साजासकट घोडे, वर परत ओंडक्यांचे थर, मग माती आणि सगळ्यात वर दगडांचा ढिगारा. त्या दगडांनी खालची थंडी धरून ठेवली, आत झिरपलेलं पाणी गोठलं आणि परत वितळलंच नाही, म्हणून एरवी शे-दोनशे वर्षांत कुजून जातं ते चामडं, लोकर, लाकूड, माणसाची कातडीसुद्धा तेवीसशे-चोवीसशे वर्षं टिकली. दुसऱ्या कुर्गानमधल्या पुरुषाच्या दंडावरचं गोंदण अजून वाचता येतं (टॅटू लिहू नका प्लीज, गोंदण इतका चांगला शब्द घरात असताना). त्या गोंदणातल्या काही जनावरांचं मागचं धड असं पिळलंय की मागचे पाय आकाशाकडे, आणि हाच पीळ खोगिरावरच्या आच्छादनांवर, लाकडी नक्षीवर, सोन्याच्या पट्ट्यांवर सगळीकडे भेटतो. यालाच पशुशैली म्हणतात आणि तो शब्द मात्र बिनधास्त वापरा, चांगला रुळलाय.

एक गोष्ट लेखात जरूर घ्या. पाझिरिकची मोठी कुर्गानं प्राचीन काळीच लुटली गेलेली होती, चोरांनी वरून भोक पाडून ओंडके तोडले आणि सोनंनाणं नेलं, त्या भोकातूनही पाणी आत गेलं आणि बर्फ झाला. म्हणजे आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयामधे जे बघायला लोक जातात ते चोरांनी बिनकामाचं म्हणून टाकून दिलेलं सामान आहे. पहिल्या कुर्गानमधल्या १० घोड्यांपैकी एकाच्या डोक्यावर चामड्या-नमद्याचा मुखवटा आणि त्याला चक्क सांबरासारखी फाटे फुटलेली शिंगं, पाचव्यातले नमद्याचे हंस, आणि त्याच पाचव्यातला तो जगप्रसिद्ध गालिचा, साधारण दोन मीटर बाय एक मीटर ८३ सेंटिमीटर, कडेने घोडेस्वारांची रांग आणि आतल्या पट्टीत हरणं. इथेही एक शब्दाची गोम आहे, गालिचा गाठी मारून विणलेला असतो आणि नमदा विणलेलाच नसतो, लोकर ओली करून दाबून चोपून करतात, जुन्या घरांमधे बुरणूस असायचा तो याच जातीचा. बऱ्याच मराठी लेखांत दोन्हीला सरसकट 'लोकरीचं कापड' लिहितात ते टाळा.

सायबेरियात कुर्गानं लुटणं हा अठराव्या शतकापर्यंत रीतसर धंदा होता आणि तो करणाऱ्यांना रशियनमधे नावच होतं, बुग्रोवश्चिक, 'बुगोर' म्हणजे उंचवटा त्यावरून. पहिल्या पीटर झारच्या काळात असलं बरंचसं सोनं राजधानीत जमा झालं, नाहीतर वितळवून संपलं असतं.

कुर्गान हा शब्द रशियनमधून जगभर गेला पण रशियनांनी तो तुर्की भाषांमधून उचलला आणि तिथे त्याचा अर्थ कबर नव्हताच, किल्ला, तटबंदी असा होता. कझाकमधे 'कोर्गान' अजूनही त्याच अर्थाने आहे, आणि चीनच्या शिनजियांगमधलं ताशकुर्गान म्हणजे दगडी किल्ला, तिथे कबर शोधायला जाऊ नका. गंमत म्हणजे स्थानिक लोक या कबरींना आपापल्या परीने काहीही म्हणतात, अल्माटीच्या बाजूला शकांच्या कबरींचा एक मोठा समूह आहे त्याचं नाव बेसशातीर, म्हणजे पाच तंबू. युक्रेनमधे १९७१ साली ज्या कुर्गानमधून सिथियन (ग्रीकांनी स्टेपवरच्या याच घोडेस्वारांना दिलेलं नाव) सोन्याचा तो भला मोठा गळ्यातला दागिना निघाला त्याचं नाव तोव्स्ता मोहिला, शब्दशः जाड कबर. आत झोपलेल्या माणसाच्या भाषेतलं एकही नाव नाही, सगळी नंतर आलेल्यांनी ठेवलेली. अभ्यासकांनी सोयीसाठी यातला एक शब्द उचलला आणि तो आता सिथियनांच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधीच्या कबरींना चालतो, म्हणून तर इंडो-युरोपीय भाषा स्टेपवरच्या या कुर्गानवाल्यांकडून पसरल्या असं म्हणणाऱ्या पुरातत्त्वज्ञ मारिया गिम्बुतास यांच्या १९५६ सालच्या सिद्धांताचं नावच कुर्गान सिद्धांत. (त्यावरून नेटवर आर्य-अनार्य भांडण पेटतं, तुमच्या लेखात त्यात न पडणं उत्तम.)

लिंग कोणतं? रशियनमधे पुल्लिंगी आहे पण आपल्याला त्याचं काय, आपल्या कानाला मैदान, दुकान, दालान, तुफान यांच्या रांगेतला शब्द आहे, तेव्हा ते कुर्गान, ती कुर्गानं, कुर्गानात, कुर्गानांमधे. 'कुर्गन्स' कृपया नको.

आता शक. इराणी लोक या सगळ्याच मंडळींना 'सक' म्हणायचे, ग्रीक म्हणायचे 'स्किथाई', हे खुद्द ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कोरीव लेखाशेजारी इराणी सम्राट दारियसपुढे दोरीने बांधलेल्या कैद्यांची रांग आहे, तिच्यात शेवटी उंच टोकदार टोपीवाला स्कुंखा उभा आहे, तो टोकदार टोपीवाल्या शकांचा सरदार, आणि १९६९-७० मधे कझाकस्तानात इस्सिकच्या कुर्गानात तसलीच उंच टोपी सोन्याने मढवलेली सापडली. आपल्या नाशिकच्या पांडवलेणीच्या लेखांमधे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो, आणि तिथेच पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्राला शक-यवन-पह्लवांचा नाश करणारा म्हटलंय. म्हणजे शब्द तोच. पण पाझिरिकच्या कबरी नाशिकच्या लेखांच्या चारएकशे वर्षं आधीच्या आणि मधे अख्खा मध्य आशिया, तेव्हा 'आपले शक तिथे पुरलेत' असं लिहू नका, त्याच मोठ्या गोतावळ्यातले लांबचे लोक इतपत ठीक.

आणि 'शककालीन कुर्गान' असं शीर्षक तर अजिबात देऊ नका. मराठीत शक म्हणजे आधी कालगणना, शालिवाहन शक काय किंवा शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक काय, वाचक सरळ ७८ मिळवायला बसेल. शीर्षकात 'अल्तायची कुर्गानं' पुरेसं आहे, आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथे एवढंच घाला: कुर्गान, म्हणजे जमिनीखाली ओंडक्यांची खोली करून वर दगडमातीचा ढीग रचलेली कबर. त्यानंतर संपादकांनी अडवायचं काही कारण नाही.