आरतीत आपण सर्रास चुकीचे म्हणतो असे शब्द कोणते आणि त्यांचा खरा अर्थ काय?

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते 'संकष्टी पावावे'. गणपतीच्या 'सुखकर्ता दुःखहर्ता' या आरतीतली मूळ ओळ 'संकटी पावावे निर्वाणी रक्षावे' अशी आहे. चतुर्थीचा उपास घरोघरी असतो, त्यामुळे गणपती म्हटलं की कान 'संकष्टी'च पकडतो. पण मागणं काय आहे बघा: संकटात धावून ये आणि निर्वाणी, म्हणजे सगळे उपाय थकल्यावर, अगदी शेवटच्या घडीला सांभाळ. 'निर्वाणीचा इशारा' म्हणतो ना आपण, तेच हे निर्वाण. 'संकष्टी' म्हटलं की ही चढत जाणारी विनवणी मोडते. त्याआधीचं 'वाट पाहे सजणा' हेही खरं 'सदना' आहे. रामाचा दास घरी वाट बघतोय.

मी साताऱ्याचा. ही आरती समर्थ रामदासांची, 'दास रामाचा' ही त्यांची नाममुद्रा आणि त्यांची समाधी आमच्या सज्जनगडावर. म्हणून या ओळी निदान आमच्याकडे तरी नीट म्हटल्या जाव्यात असं मला फार वाटतं.

अर्थाचा मोठा घात होतो तो मात्र पहिल्याच ओळीत. चालीमुळे आपण 'वार्ता विघ्नाची' इथे थांबतो आणि पुढे झांजांच्या ठेक्यात 'नुर्वी पूर्वी प्रेम' असं काहीतरी म्हणून मोकळे होतो. 'नुरवी' म्हणजे न उरवी. ज्याची कृपा विघ्नाची वार्तासुद्धा उरू देत नाही आणि प्रेम पुरवते, असं ते सलग वाक्य आहे. भलतीकडे थांबलं की गणपतीच विघ्नाची बातमी घेऊन आला असं वाटतं!

'फळीवर वंदना' बहुतेकांना आता माहीत झालंय. फणिवर म्हणजे मोठा नाग. तो गणपतीने पोटाला बांधलाय, म्हणून 'फणिवरबंधना'. काही पुस्तकांत 'फणिवरवंदना' असंही छापलेलं असतं. फळी कुठेच नाही.

देवीच्या आरतीत 'साई विवाद करिता' नसून 'साही', म्हणजे सहाही शास्त्रं. आधीच्या ओळीतले 'चारी' म्हणजे चार वेद. वेद श्रमले, शास्त्रं वाद घालता घालता वाहून गेली, तरी देवीचं वर्णन होईना. आणि विठ्ठलाच्या आरतीतलं 'दर्शन वेळा मात्रे' हे 'दर्शनहेळामात्रे' आहे. हेळा म्हणजे सहजलीला. मुद्दाम काही साधना न करता नुसतं सहज दर्शन घडलं तरी मुक्ती, एवढं मोठं आश्वासन त्या एका शब्दात आहे.

देव भावाचा भुकेला, शब्दांचं काय, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. आपण काय मागतोय हे कळलं तर भाव वाढतोच. आमच्या आळीत गणपती बसायच्या आधी मुलांना आरती चालीवर म्हणू देत नाही. झांजा खाली ठेवायच्या, बोलतो तशी ओळ वाचायची आणि वाक्य कुठे संपतं ते सांगायचं. 'नुरवी' एकदा फोडून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. मोठ्यांचं अवघड आहे, त्यांच्या तोंडात चाल बसलेली असते. त्यांच्या शेजारी उभं राहून 'संकटी' जरा मोठ्याने म्हणा.