स्पॅनिश शिकलेल्या पोरीचं पुढं काय?

"मॅडम, पोरगी म्हंते स्पॅनिश शिकतो अन् प्रोफेसर होतो. आता तुमीच सांगा, आपल्या तालुक्यात स्पॅनिश बोलनारं हाय कोन?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे हे वडील. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. थोरला मुलगा पोलीस भरतीच्या मागे, धाकटी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मराठी वाङ्मय. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. प्रश्न तसाच ठेवला, कारण तो या एका घराचा नाही. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असं काही घेऊन 'मला पुढे शिकवायचंय' म्हणणारी मुलं आणि त्यांच्याशी अबोला धरलेले आईबाप निकालाच्या आगेमागे समुपदेशनासाठी माझ्याकडे हमखास येतात.

खरं तर या दोघांना घेऊन आली ती आई. पोरगी रात्री जेवत नाही, बाप तिच्याशी बोलत नाही, आणि मामा रोज फोन करून 'बी.एड. करून टाका' म्हणतो, एवढं तिने सांगितलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.

मी आधी वडिलांशी एकटं बोलले. स्पॅनिशचा विषयच काढला नाही. विचारलं, "भाऊ, पोरगी प्राध्यापक होतो म्हणते तेव्हा तुमच्या डोळ्यापुढे कोण येतं?"

ते थोडे थांबले, मग भडाभडा बोलले. शेजारच्या गावचा एक मुलगा. एम.ए., प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पास, वय अडतीस. कॉलेजात सी.एच.बी.वर शिकवतो. तासाप्रमाणे पैसे, तेही कधी सहा महिन्यांनी. उन्हाळ्यात काहीच नाही. लग्न जमलं नाही. सोयाबीन सोंगायला भावासोबत जातो. "मजुरी बरी मॅडम, संध्याकाळी पैसा तं हाती देते."

म्हणजे वडिलांचं भांडण स्पॅनिशशी नव्हतंच. त्यांनी तो मुलगा पाहिला होता. आणि त्यांनी पाहिलं ते खोटं नाही. आपल्याकडे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे नेट-सेटधारक गावोगावी आहेत. कायम जागा निघाली तर कुठे कुठे 'देणगी'चा आकडा कुजबुजत सांगितला जातो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामीण महाविद्यालयात स्पॅनिशची मंजूर जागा तर माझ्या पाहण्यात नाही. अशा बापाला 'मुलीच्या आवडीला वाव द्या' असं सांगणं मला उद्धटपणाचं वाटतं. त्यांची भीती बरोबर आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यानंतर पहिल्यांदा त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

मग मुलगी. तिने मोबाइलवर वर्षभर फुकटातलं स्पॅनिश शिकलं होतं. कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी लॅटिन अमेरिकेतल्या कथांचे मराठी अनुवाद दिले होते. ते इंग्रजीवरून झालेत हे कळल्यावर तिने ठरवलं, आपण थेट करायचं. आणि तुलनात्मक साहित्यात पीएच.डी. करायची.

"तुलनात्मक साहित्य म्हणजे काय बेटा?"

"दोन भाषांतल्या पुस्तकांची तुलना."

मी म्हटलं, चूक नाही, पण एवढ्यावर कुणी पीएच.डी. देत नाही. मला स्पॅनिश येत नाही, पण माझी एक मैत्रीण हैदराबादला साहित्य शिकवते. तिने मला एकदा समजावलं होतं ते मी मुलीला सांगितलं. रवींद्रनाथ टागोर स्पॅनिशमध्ये गेले ते सेनोबिया काम्प्रुबी या बाईंमुळे. १९१५पासून तिने टागोरांची पुस्तकं इंग्रजीवरून स्पॅनिशमध्ये आणली, आणि त्या भाषेवर हात फिरवला तिचा नवरा हुआन रामोन हिमेनेस याने, ज्याला पुढे १९५६चं नोबेल मिळालं. उलट दिशेने पाहा. सर्व्हान्टेसची 'दोन किहोते' (इंग्रजीतली 'डॉन क्विक्झोट') ही स्पॅनिश कादंबरी १९३०च्या दशकात काश्मीरच्या दोन पंडितांनी संस्कृतात नेली, तीही इंग्रजीवरूनच, एका अमेरिकन पुस्तक-संग्राहकाच्या सांगण्यावरून. ती छापून आली थेट २०१९मध्ये. पुस्तक एका भाषेतून दुसरीत कुणाच्या हातून गेलं, मध्ये कोणती भाषा आली, पैसा कुणाचा होता, वाटेत काय गळलं आणि काय नव्याने लागलं, हे तपासणं हा त्या विषयाचा मोठा भाग आहे.

ती ऐकत होती, पण तिचा चेहरा पडला. पुस्तकं वाचायला मिळणार म्हणून आलेल्या मुलांना अभ्यासाचं हे रूप कधी कधी कोरडं वाटतं. पडू दिला. विषयावर प्रेम असणं आणि त्या विषयाचं रोजचं काम आवडणं यात फरक असतो, तो लवकर कळलेला बरा.

म्हणून मी तिला काम दिलं. हुआन रुल्फो या मेक्सिकन लेखकाच्या १९५३च्या कथासंग्रहातली 'त्यांनी आम्हाला जमीन दिली' अशा अर्थाच्या नावाची एक छोटी कथा आहे, ती मैत्रिणीने सुचवली. शब्दकोश घेऊन बस, दोन पानं कर, महिन्याने ये. कल-चाचणीच्या नावाखाली हजारो रुपये घेऊन चाळीस पानी रंगीत अहवाल देणाऱ्यांपेक्षा अशा दोन पानांवर माझा जास्त भरवसा आहे.

महिन्याने ती आली तेव्हा वडीलही आत बसले. तिने केलेला अनुवाद वऱ्हाडीत होता. क्रांतीनंतर सरकारने शेतकऱ्यांना जमीन दिली आहे, पण ती नदीकाठची काळी नाही, वरचं उजाड माळरान. चार जण सकाळपासून तुडवत चालले आहेत. पावसाचा एकच थेंब पडतो आणि माती तो गिळून टाकते. एकाने कोटाच्या आत कोंबडी धरली आहे. जमीन वाटणाऱ्या साहेबाला हे म्हणतात, या रानात नांगरही चालणार नाही. तर साहेब म्हणतो, जे काय असेल ते लेखी द्या.

वडील इथे मोठ्याने हसले. "हा तं आपल्या हाफिसातलाच हाय!" मग कोंबडीचं पुढे काय झालं ते त्यांनी दोनदा विचारलं.

त्या हसण्याने घरातला अबोला मोडला, हे खरं. त्याने पोटाचा प्रश्न सुटला नाही, हेही तितकंच खरं. मैत्रिणीला मी ती पानं पाठवली होती. तिने कळवलं की मराठी जिवंत आहे, स्पॅनिश कच्चं आहे, क्रियापदांचे काळ बऱ्याच ठिकाणी चुकले आहेत. मुलीला मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

आता माझं म्हणणं. अशा घरांत भांडण विषयावरून होतं, पण अडतं ते मधल्या वर्षांवर. बावीस ते तीस या वयात कुणाच्या पैशाने जगायचं, आणि मध्येच थांबावं लागलं तर हाती काय उरेल? याचं उत्तर कागदावर आलं की भांडण निम्मं होतं. आम्ही तिघं तेच घेऊन बसलो.

वाटा दोन होत्या. एक, मराठीच्या पदवीवर तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.ला जायचं. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात या विषयाचा विभाग १९५६पासून आहे, हैदराबाद विद्यापीठात त्याचं स्वतंत्र केंद्र आहे. घराजवळ वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ आहे, तिथे अनुवादही शिकवतात. वडिलांना वर्धा एकदम पटलं, एस.टी.ने जाऊन-येऊन करता येईल म्हणून. दुसरी वाट लांबची. पुन्हा पहिल्या वर्षापासून स्पॅनिशची पदवी करायची. दिल्लीच्या जे.एन.यू.त किंवा हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात ती होते. सुरुवातीला स्पॅनिश यायची अट नसते, प्रवेश परीक्षेतून होतो. पण वर्षं तीन जास्त.

मला विचारलं तेव्हा मी लांबची वाट सांगितली, आणि कारण सरळ पैशाचं होतं. एम.ए. होऊनही स्पॅनिश कच्चंच राहिलं, तर ती त्याच सी.एच.बी.च्या रांगेत उभी राहणार, शेजारच्या मुलाच्या मागे. भाषा पक्की झाली तर रांगेबाहेरचं काम मिळतं. स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे. पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या कंपन्यांना ग्राहकांशी बोलायला, कागदपत्रं आणि ॲपमधला मजकूर भाषांतरित करायला माणसं लागतात. ते काम साहित्याचं नाही, कंटाळवाणंही असेल, पण पगार महिन्याच्या महिन्याला येतो. तुलनात्मक साहित्याचं एम.ए. पंचविसाव्या वर्षीही करता येतं. ('तीन महिन्यांत स्पॅनिश शिका, लाख कमवा' असं सांगणारे व्हिडिओ तिने पाहिले होते. ते बाजूला ठेवायला सांगितलं. महिन्याचे आकडे कुणी छातीठोक सांगायला लागलं की सावध व्हावं.)

ती म्हणाली, "पण मले तं अनुवादच कराचा हाय." करच की. पण कथा-कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादावर घर चालत नाही, आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची असते. 'दोन किहोते' थेट स्पॅनिशमधून हिंदीत आणणाऱ्या विभा मौर्य दिल्ली विद्यापीठात शिकवत होत्या. लॅटिन अमेरिकेचं साहित्य बंगालीत नेणारे मानवेंद्र बंद्योपाध्याय जादवपूरला तुलनात्मक साहित्याचे प्राध्यापक होते. पगार एका कामाचा होता, म्हणून दुसरं काम झालं.

मग कागदावर पुढची वर्षं आली. पीएच.डी.ला जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, आणि मुलींना वयाची सवलत धरून ती पस्तिसाव्या वर्षापर्यंत घेता येते. ती नाही मिळाली तर केंद्रीय विद्यापीठात पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला ८,००० मिळतात, त्यात दिल्लीत भागत नाही. नेट स्पॅनिशमध्येही देता येते आणि तुलनात्मक साहित्यातही. सहायक प्राध्यापकाची कायम जागा मिळाली तर मूळ वेतन ५७,७००पासून. 'मिळाली तर' याखाली मी दोन रेघा मारल्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मात्र पहिल्या वर्षाच्या पैशावर. केंद्रीय विद्यापीठाची फी फार नसते, खर्च वसतिगृह आणि मेसचा. पण ते पैसे भरायचे जुलै-ऑगस्टमध्ये, नेमके बी-खताला हात रिकामा झालेला असतो तेव्हा. घरात रोकड येते कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर. किती मुलं या तीन-चार महिन्यांच्या फटीत शिक्षण सोडतात, ते मी पाहिलं आहे. घरचे मग 'परिस्थिती नव्हती' म्हणतात, पण पुष्कळदा वर्षाचा पैसा असतो, ऑगस्टचा नसतो. वडिलांनी तिथेच हिशेब केला. आदल्या हंगामाची तूर सगळी एकदम विकायची नाही, राखलेल्या तुरीचे पैसे यासाठी वेगळे ठेवायचे. मामाकडून उसने घ्यायचे नाहीत, नाहीतर दर महिन्याला बी.एड.चं ऐकावं लागेल. ही अट मुलीची होती आणि वडिलांना ती फारच आवडली.

लग्नाचं बोलणं आईने काढलं. तिला बाहेरून आत बोलावलं होतं. स्थळं यायला लागली आहेत, तीन वर्षं थांबवायचं तर नातेवाइकांना काय सांगायचं? मी यावर उपदेश केला नाही. ठरलं ते असं. पदवी होईपर्यंत स्थळ पाहायचं नाही, त्यानंतर पुन्हा सगळ्यांनी एकत्र बसायचं. आणि मुलीकडूनही एक कबुली. शेवटच्या वर्षापर्यंत बी२ पातळी हाती आली पाहिजे. स्पेन सरकारच्या सर्व्हान्टेस संस्थेच्या देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत, त्यातली ही चौथी. संस्थेचं दिल्लीत केंद्र आहे आणि या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. बी२ झाली तर एम.ए. आणि नेटची तयारी. नाही झाली तर आधी नोकरी, मग बघू.

प्रवेश परीक्षा देऊन ती दिल्लीला गेली. पहिलं सत्र वाईट गेलं. स्पॅनिशचं व्याकरण इंग्रजीतून समजावतात, बाजूला शहरातली फाडफाड बोलणारी मुलं. रात्री फोन करून रडायची. मी तिला रोज अर्धा तास मोठ्याने वाचायला सांगितलं, आणि वर्गात पहिला प्रश्न विचारायचा तो आदल्या रात्री लिहून ठेवायला. दुसऱ्या सत्रात फोन कमी झाले.

आता ती ओरासिओ किरोगाच्या एका जंगलकथेचा अनुवाद करते आहे. तो उरुग्वेचा लेखक १९३७मध्ये वारला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे उद्या एखाद्या मासिकाने ही कथा छापली तरी परवानगीचा प्रश्न नाही. रुल्फो गेला १९८६मध्ये, त्याच्या कथेची ती दोन पानं सरावापुरतीच राहतील.

सध्याचा वाद उन्हाळ्याचा आहे. तिला सुट्टीत दिल्लीत राहून शिकवण्या घ्यायच्या आहेत, ऑगस्टचे पैसे स्वतः भरायचे आहेत. वडिलांचं म्हणणं, पेरणीला घरी ये, पैशाचं मी पाहतो. आईला दोघांचंही पटतं. पुढच्या शनिवारी वडील माझ्याकडे येणार आहेत, ती फोनवर असेल.